अकरा मिलिग्रॅमची झीज

चौकशी समितीच्या अहवालातला चौथा निष्कर्ष असा होता : ‘एक किलोग्रॅमच्या प्रमाण वजनात आढळलेली अकरा मिलिग्रॅमची घट ही विद्यमान रक्षक महिलेच्या कार्यकाळात, त्यांच्या निष्काळजी हाताळणीमुळे हळूहळू झालेली नैसर्गिक झीज होय.’

वाक्य घोटीव होते. कर्ता, कर्म, काळ, कारण, सगळे जागच्या जागी. सत्याला तेवढी जागा उरली नव्हती. झीज नैसर्गिक असेल तर निष्काळजीपणा कशाला हवा, आणि निष्काळजीपणा झाला असेल तर निसर्गाला मध्ये कशाला ओढायचे, हा प्रश्न तीन सदस्य आणि एक मानद सल्लागार अशा चार जाणत्यांपैकी एकालाही पडलेला दिसत नव्हता. जिथे एक कारण पुरत नाही तिथे दोन जोडून द्यावीत, म्हणजे निदान एक तरी चिकटेल, हा न्याय शास्त्रात नाही. कार्यालयांत मात्र तो फार जुना आहे.

जिच्याविषयी हे लिहिले होते तिला सगळे वजनबाई म्हणत. तिचे स्वतःचे वजन पंचेचाळीस किलोच्या वर कधी गेले नव्हते, म्हणूनच ते नाव टिकले. बावीस वर्षे ती वजनमापे कार्यालयाच्या तळघरातल्या खोलीची रक्षक होती. शहरातल्या दुकानदारांची वजने निरीक्षक तपासत, निरीक्षकांकडची एकोणतीस वजने वजनबाई तपासे, आणि ती एकोणतीस ज्या एका पितळी वजनाशी ताडून पाहायची ते एक तिच्या खोलीतल्या कपाटात, लाकडी पेटीत, मखमलीच्या खाचेत बसलेले असे. त्याला हात लावायचा नाही, चामडे लावलेल्या चिमट्याने उचलायचे, आणि उचलताना तोंडाला फडके बांधायचे. कारण माणसाच्या श्वासाची वाफसुद्धा धातूवर बसते. कपाटाला दोन कुलपे. एक किल्ली रक्षकाकडे, दुसरी कार्यालयप्रमुखाकडे. एकाने उचलायचे, दुसऱ्याने पाहायचे. माणूस एकटा असला की त्याचा भरवसा नाही, हे ज्याने कुणी हा नियम केला त्याला पक्के ठाऊक होते.

अहवाल तिला सोमवारी मिळाला आणि सोबत एक छापील कागदही. शुक्रवारी सुनावणी होती. त्या कागदावर सही केली, म्हणजे निष्कर्ष मान्य केला, तर तिची भांडारात बदली होणार होती. केली नाही तर बडतर्फी. दोन्ही वाटांनी ती त्या खोलीतून जाणारच होती. बावीस वर्षे जिने दुसऱ्यांच्या खरेखोटेपणावर शिक्के मारले, तिने जाता जाता एका खोट्याखाली आपले नाव लिहायचे की नाही, एवढाच प्रश्न उरला होता.

तिने अहवाल वाचला तो जुनी पोथी तपासणारे वाचतात तसा, म्हणजे लिहिलेल्यापेक्षा गाळलेल्याकडे जास्त लक्ष देऊन.

‘कार्यकाळात’ हा शब्द तिने पहिल्यांदा उचलला. वरच्या प्रयोगशाळेत वजन दर दोन वर्षांनी तपासले जाई. मागच्या खेपेला ते निर्दोष ठरले होते, या खेपेला अकरा मिलिग्रॅमने कमी भरले. मधली दोन वर्षे तिच्याच कार्यकाळातली, यात खोटे काही नव्हते. पण त्या दोन वर्षांतले पहिले सात आठवडे दुसरी किल्ली आजच्या प्रमुखांकडे नव्हती. ती तेव्हाच्या प्रमुखांकडे होती, जे त्यानंतर निवृत्त झाले. अहवालाला याचे विस्मरण झाले होते. विस्मरणही समजण्यासारखे होते. तेव्हाचे प्रमुख हेच आता समितीचे मानद सल्लागार होते, कारण प्रमाण वजनांतले त्यांच्याइतके कुणाला कळत नव्हते. आणि ते वजनबाईचे सख्खे मामा होते.

नात्यातला माणूस समितीवर कसा, असे कुणी विचारले नाही. तिनेही नाही. उलट त्यांचे नाव ऐकून तिने सुटकेचा निःश्वास टाकला होता. आपले माणूस आत आहे म्हणजे निदान अन्याय तरी होणार नाही, असे तिला वाटले होते. कुंपणाने शेत खाल्ल्याच्या गोष्टी ती लहानपणापासून ऐकत आली होती. पण त्या नेहमी दुसऱ्याच्या शेताच्या असतात.

मंगळवारी ती ‘हळूहळू’ या शब्दाचा माग काढत मागच्या अंगणातल्या कार्यशाळेत गेली. तिथे काटेवाला बसे. तराजूचे काटे नीट करण्यात त्याचे केस पिकले होते आणि जीभ तेवढी तरुण राहिली होती.

“या बाई. भांडारात गेल्यावर झाडूंची वजनं करणार म्हणे आता.”

“दर सहा महिन्यांनी आपण एकोणतीस वजनं तपासतो. गेल्या दोन वर्षांतली पहिली तपासणी आठवते तुम्हाला?”

“न आठवायला काय झालं? एकोणतीसच्या एकोणतीस जाड निघाली होती. अकरा-अकरा मिलिग्रॅम. मी म्हटलं, यांना इथलं हवापाणी मानवलेलं दिसतंय.”

“आणि मी काय म्हटलं?”

काटेवाल्याने हातातला पेचकस खाली ठेवला. “तुम्ही म्हणालात, सगळा वर्ग चुकू शकतो, फळा चुकत नाही. एकेकाच्या बुडातलं शिसं खरवडा. मी खरवडलं. सबंध आठवडा तेच करत होतो. जिवावर आलं होतं, बाई, पण तुमच्यापुढे बोलायची सोय नव्हती.”

“त्यानंतरच्या तपासण्यांत?”

“काही नाही. सगळी सुतासारखी सरळ.”

म्हणजे जे घटले ते हळूहळू घटले नव्हते. पहिल्या सहा महिन्यांच्या आतच ते एकदम घटले होते आणि पुढे दीड वर्ष कणभरही हलले नव्हते. तिच्या वहीत हे तारखेनिशी लिहिलेले होते. पण समितीने ‘आरोपित व्यक्तीने स्वतःच ठेवलेल्या नोंदी ग्राह्य नाहीत’ असे म्हणून ती वही उघडलीसुद्धा नव्हती.

तिला जास्त लागले ते दुसरेच. एकोणतीस साक्षीदार एका सुरात सांगत होते की काहीतरी बिघडले आहे, आणि तिने एकोणतिसांना खोटे पाडून एकाचे खरे केले होते. दुसऱ्या कोणत्याही धंद्यातल्या माणसाने निदान डोके तरी खाजवले असते. तिने खाजवले नाही. कारण ते एक बदलू शकते हा विचारच तिच्या डोक्यात शिरायला जागा नव्हती. ती जागा फार पूर्वी भरली गेली होती.

“प्रयोगशाळेचं परिशिष्ट वाचलंत?” काटेवाल्याने विचारले. अहवालाच्या शेवटी बारीक अक्षरांत तीन ओळी होत्या : पृष्ठभाग अस्वाभाविक चकचकीत, बारीक वर्तुळाकार चरे, मुठीच्या बुडाशी पांढऱ्या भुकटीचे अवशेष. “याला झीज म्हणायचं? बाई, हे घासलंय. पितळ घासायची पावडर घेऊन, गोल गोल, अगदी मन लावून घासलंय. समिती कुणाला मामा बनवते आहे?”

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. “म्हणजे… तुमच्या मामांबद्दल नव्हतो बोलत मी.”

“माहीत आहे,” वजनबाई म्हणाली. पण ती बराच वेळ उठली नाही.

तिला ते सात आठवडे आठवत होते. किंवा खरे म्हणजे त्यातले काहीच धड आठवत नव्हते. वजन प्रयोगशाळेतून परत आले त्याच्या पुढच्याच महिन्यात तिच्या नवऱ्याला जेवता जेवता छातीत कळ आली. सोळा दिवस ती दवाखान्याच्या बाकावर होती. पहिल्याच दिवशी मामा भेटायला आले, तेव्हा तिने गळ्यातल्या दोऱ्याची किल्ली काढून त्यांच्या हातात दिली होती. “मामा, ही तुमच्याकडे राहू दे. काही लागलं तर अडायला नको.” नियमाप्रमाणे तिने ती कुणालाही द्यायची नव्हती. पण मामा म्हणजे कुणीही नव्हते.

आई आणि वडील एकाच अपघातात गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि मामा चोवीस वर्षांचे, नुकतेच नोकरीला लागलेले. त्यांनी तिला घरी आणले, आणि ती आठ दिवस जेवेना तेव्हा एका दुपारी तळघरातल्या त्या खोलीत नेले. साहेबांची परवानगी काढून त्यांनी पेटी उघडवली आणि लांबूनच दाखवले. “हे बघ बाळ. वर रस्त्यावर सगळं हलतं, माणसं येतात नि जातात. पण सगळ्या गावाचं खरंखोटं ज्याच्यावर ठरतं ते इथं आहे आणि ते बदलत नाही. देव असाच असतो. काही झालं तरी तो होता तसाच असतो. त्याला सोडायचं नाही.” नऊ वर्षांच्या मुलीला एवढे पुरते. ती त्या दिवशी जेवली. पुढे शिकून तिने त्याच खोलीत नोकरी धरली. कार्यालयातली माणसे बदलली, लेक लग्नानंतर समुद्रापलीकडे गेली. प्रत्येक वेळी सकाळी हात जोडून ती एकच म्हणे, तू आहेस तसाच आहेस ना, मग झालं.

नवरा गेल्यानंतर दहाव्या दिवशी ती कामावर आली. मामांचा निवृत्तीचा दिवस होता. त्यांनी तिची किल्ली तिला परत दिली, दुसरी नव्या प्रमुखांच्या हाती ठेवली आणि हस्तांतराचा रिवाज म्हणून पेटी उघडली. वजन लखलखत होते. इतके लख्ख ते तिने कधी पाहिले नव्हते. रडून डोळे सुजले होते, त्यामुळे असेल असे तिला वाटले. मामांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, “बघ बाळ. तुझं सगळं बदललं. हे बदललं नाही.”

तिने हस्तांतराच्या कागदावर सही केली. त्या वाक्याच्या आधाराने तिने पुढची दोन वर्षे काढली.

बुधवारी अर्धी रजा टाकून ती मामांच्या घरी गेली. मामा खिडकीशी बसून चष्म्याची काडी सुतळीने बांधत होते.

“ये ग. सही केलीस ना?”

“अजून नाही.”

“मग कर. मी मुद्दाम भांडारातली जागा घालून घेतली आहे त्यात. अध्यक्ष तुला घरीच पाठवायला निघाले होते. माझे शब्द खर्ची पडलेत तिथे.”

“निष्कर्षाचं वाक्य कुणी लिहिलं, मामा?”

“समितीनं.”

“‘हळूहळू झालेली नैसर्गिक झीज’. अध्यक्ष असं लिहीत नाहीत. त्यांना साध्या पत्रात चार वेळा ‘सदर’ लागतं.”

मामा हसले. हसू मायेचेच होते. तेच तर अवघड होते. “बरं, मी लिहिलं. तुझ्यासाठीच लिहिलं. नैसर्गिक म्हटलं की धार बोथट होते. नुसतं निष्काळजी म्हटलं असतं तर नोकरीच गेली असती तुझी.”

“पण मी निष्काळजी नव्हते.”

“अगं, या दुनियेत कोण कशाबद्दल भोगतं याचा हिशेब लागतो का कधी? तुझ्या आईबापांनी काय केलं होतं? आपण मान खाली घालायची आणि त्याच्यावर सोडायचं. माणसं बदलतील, कार्यालयं बदलतील. तो बदलत नाही. एवढा भरवसा ठेव आणि सही करून मोकळी हो.”

एवढ्यात मामी पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली. मामीला कार्यालयातले ओ की ठो कळत नसे आणि त्याचा तिला अभिमान होता.

“काय बाई ते वजन वजन! झिजलं म्हणे. आमच्या घरातल्या पितळेला तर मेला काळेपणाच येतो, झिजत कसं नाही काही? आणि घासायचा डबा मागितला की म्हणायचं, ऑफिसात राहिला. दोन वर्षं झाली. निवृत्तीच्या आदल्या दिवशी नेला होता यांनी. म्हटलं, साहेब झालात तरी भांडी घासायला लावतात की काय तिथे?”

मामी आपल्याच विनोदावर हसत आत गेली. पेला वजनबाईच्या हातात तसाच राहिला. मामा चष्म्याच्या काडीला आणखी एक वेढा देत होते. सुतळी संपली होती तरी बोटे फिरत होती.

“मामा,” ती म्हणाली, “त्या दिवसांत माझी किल्ली तुमच्याकडे होती.”

“कुठली किल्ली?”

त्यांनी हे इतक्या सहज विचारले की क्षणभर तिलाच आपल्या आठवणीची शंका आली. केसाने गळा कापणारे घाई करत नाहीत, हे तिला तेव्हा कळले.

“दवाखान्यात दिली होती. तुमच्या हातात.”

“तू त्या वेळी भानावर होतीस का बाळ? तुला तर कोण आलं नि कोण गेलं तेही कळत नव्हतं.” मग आवाज आणखी मऊ करून, “आणि समज, दिली होतीस. तसं म्हणालीस तर आधी तूच अडकशील. रक्षकानं किल्ली दुसऱ्याला देणं म्हणजे थेट बडतर्फी. झीज परवडली. जाऊ दे ना. देव बघतोय वरून.”

तिने पाणी न पिता पेला खाली ठेवला. “हो,” ती म्हणाली, “तेच म्हणते मी.” आणि निघून आली.

वाटेत तिला रडू आले नाही. आपण आणखी एकदा अनाथ झालो, असे काहीसे मनात आले. पण ते शब्द तिला फार सजवलेले वाटले आणि तिने ते टाकून दिले. साधी गोष्ट अशी होती की ज्या माणसाने तिला भरवसा म्हणजे काय ते शिकवले, त्याने तो कुठे वापरायचा हेही आधीपासून ठरवून ठेवलेले होते. त्याच्या शिकवणीतला देव कपाटात होता, आणि कपाटाच्या किल्ल्या त्याच्या खिशात होत्या. नवरा गेला हे तिने सोसले होते, कारण त्यात कुणाचा हात नव्हता. त्याच दिवसांत तिच्या पाठीमागे कुणीतरी गोल गोल हात फिरवत बसले होते, आणि मग त्याच हाताने तिचा खांदा थोपटला होता.

गुरुवारी सकाळी ती नेहमीसारखी हात जोडून उभी राहिली आणि नेहमीचे वाक्य तोंडातून निघेना. तू आहेस तसाच आहेस ना, असे विचारायचे, तर त्याचा अर्थ काय होता? तू तिथे होतास. मी दवाखान्यात बाकावर होते, मग सुतकात घरी होते, तू सगळीकडे होतास. इकडे एक श्वास थांबताना पाहिलास आणि तिकडे ते घासणे पाहिलेस, आणि कुठेच काही बोलला नाहीस. असला न बदलणारा घेऊन करायचे काय? दगडही बदलत नाही.

ती तशीच उभी राहिली. शेगडीवरचे दूध उतू गेले तरी राहिली. पण राग पुरता काढून झाल्यावर एक गोष्ट शिल्लक राहिली, आणि ती तिला रागानेच दाखवली होती. जो बदलत नाही त्याच्यापाशी झालेले झालेलेच राहते. मामांनी वजन घासले, मग आपली आठवण घासली, मग तिची घासायला घेतली; अहवाल म्हणजे तरी दुसरे काय होते? पण निवृत्तीच्या आदल्या दिवशी त्या खोलीत जे झाले ते जसेच्या तसे कुठेतरी ठाऊक होते, आणि तिथे कुणाचा हात पोचत नव्हता. यात दिलासा नव्हता. तिला आयुष्यभर त्या नावाने दिलासाच पुरवण्यात आला होता, आणि तो देणाऱ्याच्या सोयीचा होता. हे दिलाशाहून कडक होते. देव बदलत नाही म्हणून गप्प बसायचे, असे तिला शिकवले होते. तो बदलत नसेल तर उलट तिला त्याच्यापुढे खोटी सही करण्याची सोयच उरत नव्हती.

“ठीक आहे,” ती मोठ्याने म्हणाली. “तू तसाच राहा. मी बोलते.” आणि शेगडी पुसायला घेतली.

मामीला साक्षीला आणायचे नाही, हे तिने त्याच वेळी ठरवले. त्या बाईने चाळीस वर्षे ज्या माणसाची भांडी घासली त्याच्याविरुद्ध तिच्याच डब्याची साक्ष काढणे तिला जमणार नव्हते. म्हणजे हातात पुरावा असा एकच उरला, आणि तो तिच्या स्वतःच्याच विरुद्ध होता.

शुक्रवारी अकरा वाजता समिती बसली. लांब टेबलाच्या मधोमध अध्यक्ष, दोन्ही बाजूंना सदस्य, टोकाला सुतळी बांधलेल्या चष्म्यातून कागद वाचणारे मामा. कोपऱ्यात लघुलेखिका. टेबलावर पेटी उघडी ठेवली होती आणि वजन दिव्याखाली झगमगत होते.

“सही आणली आहे का?” अध्यक्षांनी विचारले.

“नाही. निवेदन आणलं आहे.” ती उभी राहिली. “दोन वर्षांपूर्वी सव्वीस दिवस माझी किल्ली माझ्याकडे नव्हती. मी ती दुसऱ्याला दिली होती. नियम मला माहीत होता आणि मी तो मोडला. या चुकीसाठी जी शिक्षा असेल ती मला मान्य आहे. पण झीज मला मान्य नाही. वजन झिजलेलं नाही. ते एका दिवसात, पावडर लावून घासलेलं आहे. तुमच्याच परिशिष्टात तसं लिहिलं आहे, आणि माझी वही उघडली असती तर ते पहिल्या सहा महिन्यांतच झालं हेही दिसलं असतं. माझी दुसरी चूक याहून मोठी आहे. एकोणतीस वजनं मला सांगत होती की हे बदललं आहे, आणि मी त्यांनाच कापलं. त्या दिवसापासून गावात जे जे तोललं गेलं ते माझ्या शिक्क्यानं चुकीचं तोललं गेलं. हेही लिहून घ्या.”

एका सदस्याने अहवाल उलटून शेवटचे पान शोधायला सुरुवात केली, बहुधा पहिल्यांदाच.

“किल्ली कुणाला दिली होती?” अध्यक्ष म्हणाले.

“ते मी सांगणार नाही.”

“का?”

“मी नाव घेतलं तर तो घरगुती तंटा होईल आणि तुम्ही सगळे सुटाल. ज्याला दिली त्याला बोलता येतं.”

“बाई, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय. कळतंय ना?”

“धोंड्याचं वजन करणं माझ्याच कामात येतं, साहेब.”

एक सदस्य हसला आणि लगेच खोकला. अध्यक्षांचा चेहरा आवळला. त्यांनी लघुलेखिकेकडे वळून सांगायला सुरुवात केली, “लिहा. सदर रक्षक महिलेने सदर किल्ली अनधिकृत व्यक्तीस दिल्याचे स्वमुखे कबूल केल्यामुळे सदर महिलेस आजपासून सेवेतून बडतर्फ…”

वजनबाई मामांकडे पाहत नव्हती. ती पेटीकडेही पाहत नव्हती. ती अध्यक्षांकडे सरळ पाहत, दोन्ही हात समोर बांधून उभी होती, आणि शिक्षा ऐकून घेत होती.

“थांबा,” मामा म्हणाले.

अध्यक्ष थांबले नाहीत. मामांनी टेबलावर हात ठेवला. “थांबा म्हणतो ना. ती अनधिकृत व्यक्ती मी आहे.”

“साहेब, तुम्ही सल्लागार आहात,” अध्यक्ष दबक्या आवाजात म्हणाले. “विचार करून बोला. आपण हे नंतर, खासगीत…”

लघुलेखिकेची पेन्सिल अधांतरी राहिली होती. “साहेब, हे लिहायचं का?”

“नाही,” अध्यक्ष म्हणाले.

“लिहा,” वजनबाई म्हणाली. “शब्दन् शब्द लिहा. नीटनेटकं करू नका.”

लघुलेखिकेने एकदा अध्यक्षांकडे पाहिले, एकदा पेटीकडे, आणि पान उलटले. तिने लिहून घेतलेले कार्यालयाच्या दप्तरात आहे, आणि ते असे आहे :

“किल्ली तिनं मला दिली होती. माझ्या हातात दिली, दवाखान्यात. परवा तिला विचारलं कुठली किल्ली म्हणून, ते खोटं होतं. ती दवाखान्यात असताना पाहुणे आले होते बाहेरून, फोटो काढत होते, आणि मी वजन उघड्या हातानं उचललं. मलाच नियम ठाऊक आणि मीच उचललं, मिरवायला. निवृत्तीच्या आदल्या दिवशी पेटी उघडली तर अंगठ्याचा ठसा उमटला होता त्यावर, तपकिरी, रेषा न् रेषा दिसत होती. तो माझा अंगठा आहे हे कुणालाही कळलं असतं. म्हणून घरून पावडर आणली आणि घासलं. ठसा गेला तरी घासत राहिलो, कारण तेवढाच भाग वेगळा दिसायला लागला. किती गेलं असेल ते मला तेव्हाच ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, हे बदललं नाही. तिचा नवरा जाऊन दहा दिवस झाले होते आणि मी तिला तसं म्हटलं. अहवालातलं वाक्यही माझंच. सही कर म्हणताना मी देवाचं नाव घेतलं, कारण त्या नावापुढे ती वाद घालत नाही. गप्प बसणं म्हणजेच श्रद्धा, हे तिला नऊ वर्षांची असल्यापासून मीच शिकवलं आहे.”